व्हाळाच्या वाटेने एक दिवस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सिंधुदुर्गात पाहुणा आला की आपण त्याला आधी समुद्र दाखवतो. मालवणचा किल्ला, तारकर्लीची वाळू, देवबागचा संगम आणि रात्री माशाचं जेवण. पाहुणा पावसाळ्यात आला तर समुद्र खवळलेला असतो, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. मग आपण त्याला आंबोलीला नेतो. घाटातल्या मोठ्या धबधब्याखाली तो भिजतो, टपरीवरची गरम भजी खातो, चार फोटो काढतो आणि परत येतो. धबधबा पाहून झाला, असं आपण म्हणतो. पण तो येतो कुठून, त्याने एवढा कठीण खडक कापला कसा आणि त्याचं पाणी पुढे जातं कुठे, हे रस्त्यावर उभं राहून कळत नाही. त्यासाठी पाण्याच्या पात्रातून चालावं लागतं.

अशाच एका दिवसाच्या चालीबद्दल आज मला बोलायचं आहे. ती चाल मी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी केली. त्यानंतर पुष्कळदा अशा वाटांनी गेलो, पण पाण्याबद्दल जे काही शिकलो ते बहुतेक त्या एका दिवसात शिकलो. आणि त्यातला शेवटचा धडा जरा महाग पडला असता.

नांगराचं तास

सुरुवात नांगरतासपासून करू. आंबोलीहून बेळगावच्या रस्त्याने साधारण दहा किलोमीटर गेलं की हा धबधबा लागतो. रस्त्याला अगदी लागून आहे. इथे पाणी उंच कड्यावरून मोकळं कोसळत नाही. सपाट पठारावरून वाहत आलेला प्रवाह एकदम एका अरुंद, खोल फटीत शिरतो आणि आतल्या आत गर्जत पुढे जातो. दोन्ही बाजूंना काळाकभिन्न कातळ आणि मध्ये ही भेग. शेतात नांगर फिरला की मागे जी चर उमटते तिला आपण तास म्हणतो. जमिनीवर नांगराचं एकच तास ओढावं तशी ही घळ दिसते. ज्याने हे नाव ठेवलं त्याची नजर शेतकऱ्याची होती.

माझा भाचा तेव्हा चौदा वर्षांचा होता. कठड्याला रेलून तो खाली बघत होता. त्याने विचारलं, "मामा, नांगर कुणी चालवला?" मी म्हटलं, "पाण्याने." तो म्हणाला, "पाणी तर मऊ असतं."

प्रश्न बरोबर होता. शाळेच्या भूगोलात नदीचे कार्य म्हणून एक धडा असतो. घळई, धबधबा, रांजणखळगे हे शब्द आपण सगळ्यांनी पाठ केलेले असतात आणि परीक्षेत त्यांच्या आकृत्याही काढलेल्या असतात. पण ते प्रत्यक्षात घडताना बघायचं कुठे? नांगरतासच्या फटीत उतरता येत नाही आणि उतरायचा विचारही करू नये. म्हणून मी त्याला दुसऱ्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी, दाणोलीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका व्हाळात घेऊन जायचं ठरवलं. आपल्याकडे लहान प्रवाहाला व्हाळ म्हणतात. त्या व्हाळाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितलं की पुढच्या पावसाळ्यात तिथे गाड्या लागतात.

आमच्याबरोबर गावातले एक गृहस्थ होते. वय साठीच्या पुढे, पायात काही नाही, कमरेला आकडीत अडकवलेली कोयती. सगळे त्यांना आबा म्हणत, आम्हीही आबा म्हणू लागलो.

खडकाची पानं

ऑक्टोबरचे दिवस होते. भात पिवळं पडलं होतं, काही कुणग्यांत कापणी चालू झाली होती. सकाळी सातला आम्ही साकवाजवळून व्हाळात उतरलो. पाणी घोट्याएवढं, कुठे गुडघ्याएवढं आणि इतकं स्वच्छ की तळाचा प्रत्येक गोटा मोजून घ्यावा. वरून जाण्यासाठी वाट अशी नव्हतीच. कधी पाण्यातून, कधी काठाच्या दगडांवरून, कधी मुळांना धरून वर. आबांनी पहिला नियम सांगितला तो पायाचा. ओला काळा दगड दिसला की त्याच्यावर पाय द्यायचा नाही, शेवाळ असतं. पाण्यात बुडालेल्या वाळूवर किंवा खडबडीत दगडावर द्यायचा. आणि एका दगडावरून दुसऱ्यावर उडी मारायची नाही. एक पाय पक्का झाल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही.

तासाभराने पहिला धबधबा लागला. दोन पुरुष उंचीचा असेल. भाच्याला मी धबधब्याचं पाणी सोडून त्याच्या मागचा कातळ बघायला सांगितला. नीट पाहिलं तर तो एकसंध नव्हता. वर एक जाड, घट्ट, काळा थर. त्याच्याखाली हाताने कोरता येईल असा ठिसूळ, तांबूस, बारीक भोकांचा थर. त्याच्याखाली पुन्हा घट्ट काळा.

सह्याद्रीचा मोठा भाग असाच पानांपानांनी रचलेला आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि पसरला. एकदा नव्हे, कितीतरी वेळा. एक थर निवायचा, कधी त्याच्यावर हवापाण्याने मातीसारखा तांबडा पापुद्रा तयार व्हायचा, मग पुढचा लाव्हा त्याच्यावर येऊन पसरायचा. थराचा मधला भाग सावकाश निवून घट्ट झाला. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहिला. हाच आपला बेसाल्ट, म्हणजे काळा दगड. मुंबईहून कोल्हापूरला जाताना डोंगरांना ज्या पायऱ्या दिसतात त्या या थरांच्याच.

पाणी या रचनेचा फायदा घेतं. वरचा घट्ट थर त्याला सहजी कापता येत नाही, पण खाली पडलेलं पाणी उसळून मागच्या ठिसूळ थरावर आपटतं आणि तो पोखरतं. ठिसूळ थर आत गेला की वरचा घट्ट थर छपरासारखा पुढे लोंबकळत राहतो. एके दिवशी त्याला आधार पुरत नाही आणि तो तुटून खाली पडतो. धबधबा तेवढा मागे सरकतो. पुन्हा पोखरणं, पुन्हा तुटणं. म्हणजे धबधबा एका जागी उभा नसतो, तो उगमाच्या दिशेने मागे मागे चालत असतो. आणि तो ज्या वाटेने मागे गेला ती वाट म्हणजे घळ. धबधब्याच्या खाली जे मोठमोठे चौकोनी दगड पडलेले असतात ते त्याच्या तुटलेल्या छपराचे तुकडे.

"म्हणजे आपण धबधब्याच्या जुन्या जागांवरून चालत आलो?" भाच्याने विचारलं. त्याला कळलं होतं.

रांजण आणि घुसळण

दुसऱ्या टप्प्यावर सपाट कातळ लागला आणि त्याच्यात गोल खड्डे. काही वाटीएवढे, काही पिंपाएवढे. कडा इतक्या गुळगुळीत की कुणी यंत्रावर घासून काढल्या असाव्यात. हेच रांजणखळगे. महाराष्ट्रात सगळ्यात प्रसिद्ध आहेत ते पारनेर तालुक्यात निघोजला, कुकडी नदीच्या पात्रात. पण लहान प्रमाणावर ते आपल्याकडच्या व्हाळांतही असतात.

पाणी मऊ असतं या भाच्याच्या म्हणण्याचं उत्तर इथे मिळालं. नुसतं पाणी कातळ फार सावकाश झिजवतं. पण कातळाच्या एखाद्या खोलगट जागेत एक दगड अडकला आणि प्रवाहाने तो गोल गोल फिरवायला सुरुवात केली की तो रवीसारखा घुसळायला लागतो. घुसळता घुसळता तो स्वतः झिजून गोटा होतो आणि कातळाला खड्डा पडतो. गोटा संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो. मी एका रांजणात हात घातला आणि तळाशी तीन गोटे मिळाले, अंड्यासारखे गुळगुळीत. भाच्याला ते घरी न्यायचे होते. आबा म्हणाले, "ऱ्हवाने. तेंचा काम अजून संपूक नाय."

शेजारशेजारचे दोन रांजण मोठे होत गेले की मधली भिंत फुटते. रांगेतले सगळे फुटले की त्यांची मिळून एक चर होते. खडकात आधीच सरळ रेषेत तडा असेल तर पाणी तोच धरून खाली उतरतं. तासासारख्या अरुंद घळी तयार होण्याची ही एक रीत आहे.

मग या गोट्यांचं आणि झिजलेल्या खडकाचं होतं काय? मोठे गोटे व्हाळात राहतात, बारीक खडी नदीत जाते, वाळू खाडीत पोचते. आमचा व्हाळ पुढे तेरेखोलच्या पाण्याला मिळतो. उत्तरेला कर्ली नदीचंही असंच. देवबाग-तारकर्लीची जी अरुंद पट्टी कर्ली आणि समुद्र यांच्यामध्ये आहे, तिथली वाळू पायाखाली घेताना घाट आठवावा. समुद्रकिनारा आणि घाट ही दोन वेगळी स्थळं म्हणून आपण पाहुण्याला दाखवतो. पण एकाचं कापलेलं दुसरीकडे साठतं.

खूणदगड

साडेअकराच्या सुमारास आम्ही मोठ्या कोंडीपाशी पोचलो. कोंड म्हणजे पात्रातला खोल डोह. तिथे तिसरा धबधबा पडत होता, उंच आणि एकधारी. समोरच्या काठावर पसरट कातळ होता, त्याच्यावर भेंडा नावाच्या झाडाची गर्द सावली. मी म्हटलं, पलीकडे बसून जेवू. पाणी मांडीपर्यंतसुद्धा नव्हतं. आबांनी मान हलवली. "ज्या अंगाक घर, त्याच अंगाक बसाचा." मला तो जुन्या माणसाचा हट्ट वाटला. पण त्यांनी उन्हातली, अलीकडची जागा पसंत केली आणि आम्ही तिथेच फडकं पसरलं. भाकरी, चटणी, सुकट.

बसण्याआधी आबांनी एक गोष्ट केली. पाणी जिथे कातळाला टेकत होतं त्या रेषेवर त्यांनी तीन पांढरे खडे ओळीने ठेवले. मी विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, "असांदे."

जेवण झालं. वर निळंभोर आकाश, ऊन कडक. पण दीडच्या सुमाराला पूर्वेकडे, घाटमाथ्याच्या मागे, काळे ढग दिसले. मेघगर्जना ऐकू आली, ती फार लांबून. आमच्या अंगावर एक थेंब नव्हता. भाचा कोंडीच्या मध्यातल्या दगडावर चढून बसला होता आणि मी कॅमेरा काढला होता. तेवढ्यात आबा उठले. "भाऊ, आता निघाचा."

मी म्हटलं, "आबा, पाच मिनिटं. एक फोटो काढतो."

ते माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघत होते. "सकाळी तळ दिसत होतो. आता दिसता?"

मी पाहिलं. पाणी गढूळ झालं नव्हतं, पण सकाळची काचही राहिली नव्हती. चहाच्या पाण्याला पहिला रंग यावा तेवढाच फरक. त्याच्यावरून सुकी पानं आणि काटक्या वाहत येत होत्या. मघापर्यंत पानं येत नव्हती. मी खाली खड्यांकडे पाहिलं. तीनपैकी दोन खडे पाण्यात होते.

"वर पाऊस लागलो हा. पोराक बोलवा. बेगीन."

आवाज चढलेला नव्हता, पण मी कॅमेरा टाकून भाच्याला हाक मारली. धबधब्याच्या आवाजात त्याला ऐकू गेली नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. त्याने हसून हात हलवला. शेवटी आबाच कमरेएवढ्या पाण्यात शिरले, त्याच्या दंडाला धरून त्याला उतरवलं आणि काठावर आणलं. त्यांनी आम्हाला व्हाळाच्या बाजूबाजूने खाली पळू दिलं नाही. झाडांना धरून सरळ वर, चढणीवर चढवलं. तीन-चार पुरुष उंची चढून गेल्यावर ते थांबले आणि म्हणाले, आता बघा.

आधी वास आला, ओल्या मातीचा आणि कुजलेल्या पानांचा. मग आवाज बदलला. धबधब्याचा एकसुरी आवाज जाऊन खालून घरघर ऐकू येऊ लागली. पाण्याखाली दगड गडगडत होते. आणि मग वरच्या तोंडातून तांबडं पाणी फेस घेऊन आलं. भाचा ज्या दगडावर बसला होता तो दिसेनासा झाला. आमचं फडकं पसरलेला कातळ गेला. पलीकडची सावलीतली जागा, जिथे मला जेवायला बसायचं होतं, तीही पाण्याने वेढली. तिथे बसलो असतो तर मागे उभा कडा आणि पुढे हे पाणी, अशा बेचक्यात अडकलो असतो. आबा उठल्यापासून या क्षणापर्यंत दहा-बारा मिनिटं झाली असतील. मला हवी होती ती पाच मिनिटं त्यांतलीच.

भाचा काही बोलला नाही. मी त्याच्या आईला त्या दिवशी काही सांगितलं नाही. पुढे कधीतरी सांगितलं.

पाच कोटी लिटर

हे इतकं झटकन कसं होतं, त्याचा हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एक चौरस किलोमीटरच्या उतारावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ५ कोटी लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे पाच हजार टँकर. त्यातलं काही जमिनीत मुरेल. पण पावसाळ्याच्या शेवटी जमीन आधीच तुडुंब भरलेली असते आणि कातळावर तर मुरायला जागाच नसते. ते सगळं पाणी उतारावरून चारी बाजूंनी एका व्हाळात येतं आणि व्हाळ घळीत शिरतो तिथे त्याला रुंदी मिळते चार-पाच मीटरची. पसरायला जागा नाही, मग पाणी उंची गाठतं.

दुसरं असं की वाहत्या पाण्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट होतो. म्हणून गुडघ्याएवढं पाणी आहे, सहज पार करू, असं म्हणणारा माणूस पडतो. एकदा पडला की गढूळ पाण्यात त्याला तळही दिसत नाही.

आणि तिसरी गोष्ट फसवी आहे. पाऊस आपल्या डोक्यावर पडावा लागत नाही. तो वर घाटमाथ्यावर पडला तरी पुरतो. जुलै-ऑगस्टमध्ये सगळीकडेच कोसळत असतं, त्यामुळे माणूस मुळात घाबरून असतो. परतीच्या पावसात तसं नसतं. सकाळ लख्ख असते, दुपारनंतर ढग जमतात, तासभर विजांसह पाऊस पडतो आणि संध्याकाळी पुन्हा आकाश मोकळं. व्हाळातून चालायला ऑक्टोबर चांगला म्हणून आपण जातो आणि धोकाही त्याच ऑक्टोबरात असतो. आबांना हे हिशेब ठाऊक नव्हते. त्यांना पानं, रंग आणि तीन खडे पुरले.

पावसाची साठवण

पूर ओसरला तो तितक्याच वेगाने. चारच्या सुमाराला पाणी पुष्कळ खाली गेलं होतं. आम्ही व्हाळात न उतरता रानातल्या पायवाटेने परत आलो. वाटेत भाच्याने विचारलं, "एवढं पाणी वाहून गेलं, मग उन्हाळ्यात व्हाळ आटतो का?" आबा म्हणाले, "आदी आटा नाय होतो. आता आटता."

हा या विषयाचा दुसरा भाग आहे आणि तो आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी चांगला समजतो. आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. महाराष्ट्रातल्या सगळ्यात ओल्या जागांपैकी ती एक. हा सगळा पाऊस चार महिन्यांत येतो. बाकीचे आठ महिने झरे वाहतात ते कशाच्या जोरावर? तर जांभ्याच्या. आपण घराला चिरा म्हणून वापरतो तोच तांबडा, भोकाभोकांचा दगड. आंबोली परिसरातल्या सड्यांवर काळ्या कातळाच्या डोक्यावर या जांभ्याची टोपी आहे. ती स्पंजासारखी पाणी शोषते. तिच्याखाली चिकणमातीचा थर असतो, तो पाण्याला खाली जाऊ देत नाही. मग पाणी आडवं सरकतं आणि जिथे उतार या थराला छेदतो तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. हिरण्यकेशी अशीच एका गुहेतून बाहेर पडते. समोर महादेवाचं देऊळ आणि कुंड आहे.

त्या कुंडात बोटभर लांबीचा एक मासा राहतो. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी तो नवी जात म्हणून नोंदवला आणि नदीवरून त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी असं नाव दिलं. २०२१ मध्ये राज्य सरकारने तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आंबोलीच्या सड्यावर आणखी एक रहिवासी आहे. अंगावर पिवळे पट्टे असलेला छोटा भेक, त्याला आंबोलीचा वाघ्या भेक म्हणायला हरकत नाही. २००९ मध्ये त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. जगात तो आंबोली परिसराबाहेर सापडल्याची नोंद नाही. पहिल्या पावसात सड्यावरच्या वीतभर डबक्यांत तो अंडी घालतो. आपण ज्याला नुसता ओसाड कातळ समजून त्याच्यावर गाडी उभी करतो, त्यात त्याची पुढची पिढी असते.

हिरण्यकेशीची गंमत अशी की तिच्या उगमापासून अरबी समुद्र सरळ रेषेत चाळीस-पन्नास किलोमीटरवर आहे, पण ती तिकडे जातच नाही. ती पूर्वेला वळते, आजरा-गडहिंग्लजवरून कर्नाटकात घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा हजारभर किलोमीटर लांब बंगालच्या उपसागराला. आंबोलीच्या माथ्यावर पडलेला थेंब चार हात पूर्वेला पडला तर आंध्रात जातो, चार हात पश्चिमेला पडला तर आमच्या व्हाळातून संध्याकाळपर्यंत खाडीकडे निघतो.

पण ही साठवण टोपी शाबूत असेल तोवरच. वरचं जंगल तुटलं, सडा उकरला, उतारावर यंत्राने सपाट्या काढल्या की पाणी मुरायला थांबत नाही. तेच पाणी पावसाळ्यात पूर होऊन येतं आणि एप्रिल-मेमध्ये त्याच गावात हंड्यांची रांग लागते. पूर मोठा होणं आणि झरा लवकर आटणं हे एकाच बिघाडाचे दोन परिणाम आहेत. आबांच्या "आता आटता" या दोन शब्दांत एवढं सगळं होतं.

जाणार असाल तर

हे ऐकून कुणी घरी बसावं अशी माझी इच्छा नाही. जरूर जा. पण काही गोष्टी पाळा.

हवामान खात्याचा इशारा आदल्या रात्री आणि निघताना, असा दोनदा बघा. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर घळीत जायचं नाही. विजांची सूचना देणारं 'दामिनी' हे अॅप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं आहे, ते मोबाइलवर घ्या. पण घळीत मोबाइलला रेंज असेलच असं नाही, म्हणून कुठे जातो आणि किती वाजता परतणार हे गावात कुणाला तरी सांगून जा. अडचण आलीच तर रेंज मिळेल तिथून ११२ वर फोन करा.

गावातला माणूस बरोबर घ्या आणि त्याची मजुरी नीट द्या. त्याने नको म्हटलं तर नको. सकाळी लवकर निघा आणि दुपारी एकच्या आत पात्राबाहेर पडा. बसण्याआधी वर चढायची वाट कुठे आहे ते पाहून ठेवा. पाणी वाढताना पात्रातून खाली पळू नका, आडवे होऊन उंचावर चढा. पाणी ओसरेपर्यंत वाट बघा, रात्र काढावी लागली तरी चालेल. पायाला जखम असेल तर पावसाळ्यात पाण्यात उतरू नका, लेप्टोची भीती असते. कोरड्या दिवसांत, जानेवारी ते मे, दोडामार्ग-सावंतवाडीच्या रानात जाणार असाल तर गोचिडांपासून जपा. २०१६ पासून या भागात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत.

कावळेसादला गेलात तर रेलिंगच्या अलीकडे राहा. खालून येणारा वारा तिथे पाणी उलटं वर उडवतो आणि ते बघण्याच्या नादात माणूस कड्याकडे सरकतो. तिथे पडलेल्यांना काढायला आंबोली-सांगेलीकडचे तरुण दोर लावून दरीत उतरतात, धो धो पावसात आणि धुक्यात. आपल्या एका फोटोसाठी त्यांच्या घरच्यांनी रात्र जागून काढावी, हे बरं नव्हे.

भाचा आता मोठा झाला, नोकरीला लागला. दोन वर्षांपूर्वी तो त्याच्या मित्रांना घेऊन आला आणि आम्ही पुन्हा त्याच व्हाळात गेलो. आबा आता नाहीत. त्यांचा नातू बरोबर होता. कोंडीपाशी पोचलो तेव्हा मित्रांपैकी एक जण म्हणाला, पलीकडे मस्त सावली आहे, तिकडे बसू या. मी काही बोलायच्या आत भाचा खाली वाकला होता. पाण्याच्या कडेला त्याने तीन पांढरे खडे ओळीने मांडले आणि उन्हात, अलीकडच्या कातळावर, फडकं पसरलं.